पुढारीणबाईंचा रोवणा

हर्षा निंबार्ते बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेली, तेव्हा तिच्यात नेतृत्वगुण आहेत हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक ती स्वतः. दुसरे, नागपूरच्या तीन दिवसांच्या युवा नेतृत्व शिबिरातले पाहुणे वक्ते. त्यांनी ते समोर बसलेल्या एकशेचाळीस जणांना एकाच वेळी सांगितलं होतं. पण सांगताना त्यांची नजर आपल्याकडेच होती, असं हर्षाचं ठाम मत.

शिबिरातून ती साकोलीला परतली ती एक प्रमाणपत्र, एक वही, एक शिट्टी आणि बोलायची नवी ढब घेऊन. पहिला प्रयोग घरच्यांवर. तिच्या वडिलांचं, केवळरामचं, बसस्टँडमागे पाइप, दोरी, ताडपत्रीचं दुकान.

"बाबा, तुम्ही गिऱ्हाइकाच्या डोळ्यात पाहून बोलत नाही. अशानं विश्वास निर्माण नाही होत."

केवळराम दोरी मोजत होते. "डोळ्यात पाहीन त माप चुकंन. मंग विश्वास कोठून आणू?"

दुसरा प्रयोग रितावर. रिता पहिलीपासूनची मैत्रीण, म्हणजे हर्षाला न घाबरणाऱ्यांपैकी. हर्षानं तिला वहीतलं पहिलं वाक्य वाचून दाखवलं: नेता तो, जो सर्वांच्या पुढे उभा राहतो. रिता म्हणाली, "कँटीनच्या रांगेत तू पुढंच असते. मले वाटलंच होतं."

हर्षा ही गोष्ट आता कुणालाही, कुठंही सांगते. आवाज बदलून, हातवारे करून, आणि हसायच्या जागा आल्या की आधी स्वतः हसून. पण त्या वर्षीच्या जुलैत तिला यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नव्हतं.

जुलैच्या शेवटी राष्ट्रीय सेवा योजनेच्या टेंभुर्णे सरांनी उपक्रम जाहीर केला: 'एक दिवस बांधावर.' साकोलीपासून सात किलोमीटरवर चिचटोला. तिथल्या शकुनबाईंचा एक एकर धान. नवरा वारलेला, मुलगा पुण्याकडे कंपनीत, बाई एकटी शेत पाहते. तिच्या शेतात विद्यार्थ्यांनी जायचं, रोवणाऱ्या बायांच्या जोडीला उभं राहून दोन-चार ओळी लावायच्या, अन्न कुठून येतं ते पाहायचं आणि परत यायचं. सरांची अपेक्षा एवढीच होती. सर अनुभवी होते.

"गटप्रमुख कोण?" सरांनी विचारलं.

हर्षाचा हात प्रश्नचिन्हाच्या आधीच वर गेला होता.

त्याच आठवड्यात ती रिताला स्कूटीवर मागे बसवून चिचटोल्याला 'नियोजन भेटी'ला गेली. हा शब्द वहीतला. शकुनबाई अंगणात लाखोरीची डाळ निवडत होत्या.

"शनवारी येता म्हणता ना? निर्मलाच्या बाया सांगून ठेवल्या हाय मी," त्या म्हणाल्या. "बारा जणी हायेत. तुमी त्याइच्या संगं लावजा."

"काकू, किती जणी?"

"बारा. एका दिवसात एकर काढते निर्मलाची टोळी."

हर्षानं मान तिरकी करून मनात हिशेब केला, आणि तो हिशेब मोठ्यानं बोलून दाखवला. "आम्ही सत्तावीस. बाराच्या दुप्पट, वर तीन. म्हणजे अर्ध्या दिवसात. काकू, बाया सांगूच नका. पूर्ण एकर आम्ही लावतो. उपक्रम शंभर टक्के विद्यार्थ्यांचा झाला पाहिजे."

रितानं मागून तिची ओढणी ओढली. हर्षानं ती सोडवून घेतली.

शकुनबाईंचा डाळीतला हात थांबला. "पाय बाई. सीजनचे दिवस हाय. एक बखत सोडल्या का बाया मंग नाई भेटत. पऱ्हे मी शुक्रवारी खोदून ठेवतो. एकदा खोदले का त्याइले थांबता येत नाई."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती एका कोपऱ्यात दाट वाढवायची, मग उपटून, पेंड्या बांधून, चिखल केलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेताच्या पाणी अडवलेल्या तुकड्यांमध्ये, एकेक करून लावायची. हे लावणं म्हणजे रोवणा. एवढं हर्षाला माहीत होतं. तिच्या मते एवढं पुरेसं होतं.

"काकू, माझा शब्द आहे," ती म्हणाली, आणि शकुनबाईंच्या डोळ्यात पाहिलं.

शकुनबाईंनी विश्वास ठेवला. हर्षाच्या आयुष्यात डोळ्यात पाहण्याचा हा एकच प्रयोग पूर्ण यशस्वी झाला, आणि तोच नसता झाला तर बरं, असं तिला आजही वाटतं.

परतताना रस्त्यात तिला अश्विन भेटला. वर्गातला मुलगा, चिचटोल्याच्या पलीकडच्याच टोलीवरचा, म्हणजे वस्तीवरचा, वर्गात वर्षभरात एकूण सहा वाक्यं बोललेला. सातवं त्यानं त्या दिवशी खर्च केलं.

"हर्षा, तू कधी रोवला काय?"

"नेतृत्व करणाऱ्याला प्रत्येक काम आलंच पाहिजे असं नसतं, अश्विन."

"बरं," अश्विन म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

शनिवारी सत्तावीसच्या सत्तावीस आले. हर्षाला गहिवरून आलं. आधी फलकासोबत फोटो झाला, मग फलकाशिवाय, मग शकुनबाईंसोबत, मग शकुनबाईंच्या बैलांसोबत. एका बैलाला फोटो पसंत नव्हता. त्यात पंधरा मिनिटं गेली. साडेदहाला सरांना कॉलेजातून फोन आला, बैठक होती. जाताना ते म्हणाले, "हर्षा आहे ना इथं? मग काळजी नाही." या वाक्याचा फोटो काढता येत नाही याचं तिला वाईट वाटलं.

मग तिनं वही उघडून समित्या जाहीर केल्या. नियोजन समिती, स्वतः धरून तीन जण. पुरवठा समिती, पाच जण. पेंड्या उचलून द्यायच्या. प्रसिद्धी समिती, सहा जण. पाणी आणि अल्पोपाहार, दोन. निरीक्षण, एक. मनोबल समिती, एक, ती रिता.

"मी काय करू?" रितानं विचारलं.

"टाळ्या वाजव. उत्साह वाढव."

"चिखलात किती जण उतरून राहिले?"

हर्षानं मोजले. नऊ. त्यातला एक अश्विन. तो समित्या वाचून होण्याआधीच पँट गुडघ्यावर घेऊन पाण्यात शिरला होता. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अठरा जण उभे होते. स्वतः हर्षा अठरावी. एकूण शेताला चिखलापेक्षा देखरेख जास्त झाली होती.

शकुनबाई पदर खोचून म्हणाल्या, "चाला. पाच बांध्या हायेत. पयली हे."

नऊ जण एका रांगेत उभे राहिले, पाठीमागे मोकळा चिखल ठेवून. कमरेत वाकले. अश्विननं दाखवलं: डाव्या हातात पेंडी, उजव्या हाताची तीन बोटं, दोन-तीन रोपं, चिखलात दाबायची, पुढची. झालं की एक पाऊल मागे.

इथं हर्षाला वहीतलं पहिलं वाक्य आठवलं. नेता सर्वांच्या पुढे उभा राहतो. तिनं चपला काढल्या, सलवार वर घेतली, धुऱ्यावरून उतरली आणि रांगेच्या बरोब्बर समोर, सर्वांना दिसेल अशी, गुडघाभर चिखलात जाऊन उभी राहिली. गळ्यातली शिट्टी फुंकली.

"चला मित्रांनो! पुढे! पुढे सरका!"

नऊही माना वर झाल्या. तिच्याकडे पाहू लागल्या. अश्विननं आठवं वाक्य काढलं.

"पुढं रोवलं हाय, हर्षा. मागं जा लागते."

"हां, तेच. मागे सरका!" तिनं शिट्टी फुंकली. आज्ञा काय आहे यापेक्षा ती कुणी दिली हे महत्त्वाचं.

रांग मागे सरकू लागली. हर्षा पुढेच उभी. तिच्या पायापासून दोन हातांवर हिरवी ओळ लागली, मग तिच्या डाव्या अंगाला, मग उजव्या अंगाला. ती शिट्टी वाजवत होती, "छान! ओळ सरळ!" म्हणत होती आणि तिची सेना एकेका पावलानं तिच्यापासून लांब जात होती. अर्ध्या तासानं आवाज पोचेना म्हणून तिनं चार पावलं पुढे टाकायला पाय उचलला, आणि धुऱ्यावरून हाक आली.

"ओ पुढारीणबाई! पाय नोको टाकू! खाली पऱ्हे हायेत!"

हर्षानं खाली पाहिलं. चारी बाजूंनी ताजी रोपं. उचललेला पाय ठेवायला जागा नाही. तिनं तो होता तिथंच परत ठेवला.

"काकू, मग बाहेर कशी येऊ?"

शकुनबाईंनी कपाळाला हात लावला. "थिथं गेलीस काहून, हे सांग पयले! रोवलेल्याच्या मधात कोणी उभं रायते काय?"

"मी... नेतृत्व करत होते."

प्रसिद्धी समिती इतका वेळ कंटाळली होती, तिला एकदम काम मिळालं. सहा मोबाइल वर झाले. हिरव्यागार बांधीच्या मध्यभागी, हात पसरून तोल सांभाळणारी, गळ्यात शिट्टी घातलेली हर्षा. फोटो दोन मिनिटांत कॉलेजच्या ग्रुपवर. खाली कुणीतरी लिहिलं, "पाखरं येत नाहीत ना आता?" शेवटी अश्विननं तिला वाट सांगितली: दोन ओळींच्या मधून, पायाचा अंगठा आधी, हळू. पन्नास पावलांना तिला वीस मिनिटं लागली. त्यात दोनदा ती बसली. रिता धुऱ्यावरून टाळ्या वाजवत होती. मनोबल समितीचं काम तिनं त्या दिवशी तेवढं एकदाच केलं, पण मनापासून.

एक वाजला तेव्हा हर्षानं शेताकडे नीट पाहिलं. पाचपैकी दीड बांधी लागली होती. तीही पूर्ण नाही: रोपं वरवर खोचलेली, पाणी हललं की सुटून तरंगायची, आणि अश्विन एकटा मागे जाऊन ती पुन्हा दाबत होता. कंबर धरून बसलेल्यांची संख्या वाढत होती. दीडची बस होती. तिच्यानंतरची साडेपाचला.

"हर्षा, माझ्या पायाला जळू लागली, मी निघतो."

"हर्षा, आई फोन करून राहिली."

"हर्षा, छान झाला हां कार्यक्रम!" हे बोलणारा प्रविण, निरीक्षण समिती. त्यानं निरीक्षण केलं होतं आणि त्याला जे दिसलं ते पाहून तो निघाला होता.

दीडच्या बसमध्ये वीस जण गेले. हर्षानं शिट्टी वाजवून पाहिली. बसनं हॉर्न वाजवला.

शकुनबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वहीत रागाला कसं सामोरं जायचं यावर अख्खं पान होतं. त्या कामाला लागल्या. धुऱ्यावर रचलेल्या पेंड्या एकेक उचलून पाण्यात उभ्या करत राहिल्या, मुळं सुकू नयेत म्हणून. साडेतीन बांध्यांच्या पेंड्या होत्या. वरची काही पानं आत्ताच कडेला वळली होती.

"काकू, उद्या..."

"उद्या कोन हाय मले?" त्या वर न बघता म्हणाल्या. "निर्मला आता श्यामरावकडं हाय. मंग भय्याजीकडं. पंधरा दिवस तिचे सांगून हायेत. राहू दे बाई. तुमी जा. पोरीची जात, उशीर होईन."

हे 'राहू दे' हर्षाला लागलं. ते वर्मी लागलं असं ती सांगते, आणि लगेच जोडते, की वर्म कुठं असतं हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याआधी तिथं फक्त मत होतं.

"श्यामरावचं शेत कोणतं?" तिनं अश्विनला विचारलं.

"नाल्याच्या पल्याड. मी येऊ?"

"नको. इथं दाबत राह. रिता, तू उतर आता पाण्यात."

"मनोबल समितीचं काय?"

"बरखास्त."

नाल्यापलीकडे बारा बाया एका सरळ रेषेत वाकल्या होत्या. पाठीवर पावसासाठी पन्नीचा कागद बांधलेला, धुऱ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल गाणी म्हणत होता. रेषेच्या अगदी टोकाला, सगळ्यात कडेला, एक पन्नाशीची सडसडीत बाई. कुणी सांगितलं नसतं तर तीच निर्मलाबाई हे ओळखू आलं नसतं. छत्री धरून श्यामराव धुऱ्यावर बसले होते.

"बाई, मी साकोलीच्या कॉलेजची..."

"माईत हाय. शिट्टीवाली," निर्मलाबाई म्हणाल्या. हात थांबला नाही. एक पाऊल मागे. हर्षालाही धुऱ्यावरून एक पाऊल सरकावं लागलं. "सकाऊनपासून आयकून राहिलो आमी. आमाले वाटलं पोलीसभरती हाय." रेषेत हसू सरकत गेलं. "बोल."

"शकुनकाकूंचा रोवणा राहिला. साडेतीन बांध्या. पऱ्हे खोदलेले आहेत."

"मंग?"

"तुम्ही याल काय?"

"तूच म्हणली ना शकुनले, बाया सांगू नोको म्हणून?"

"हो."

"मंग?"

"चुकलं."

"जोरानं बोल. त्या कोपऱ्यातल्या भागीले आयकू नाई आलं."

"चुकलं!" हर्षा ओरडली. तिला वाटलं, आजच्या दिवसातली ही पहिली सूचना, जी रांगेत सगळ्यांना नीट ऐकू गेली.

आता निर्मलाबाई 'येते' किंवा 'नाही येत' असं काहीतरी म्हणतील, म्हणून हर्षा वाट पाहत राहिली. निर्मलाबाई म्हणाल्या ते वेगळंच. "काय म्हणता वो बाया?"

रेषेतून उत्तरं आली, एकेक, वाकलेल्या पाठींवरून.

"शकुनचे पऱ्हे वाया जातीन."

"माई कंबर आताच गेली. पण जाऊ."

"मी लेकराले घ्याले पाचले जातो, आदीच सांगून ठेवतो."

"श्यामरावभाऊ बसला हाय ना थिथं. त्याले पुसा, शेत त्याचं हाय."

श्यामरावांनी छत्री मिटली. "वा! माई बांधी अर्धी टाकून जान तुमी? आन मी काय इथं बेडकं मोजू?"

"भाऊ, तुमचे उरलेले पऱ्हे अजून जागेवरच हायेत, खोदले नाई," निर्मलाबाई म्हणाल्या. "ते एक दिवस थांबतीन. शकुनचे नाई थांबत." मग पहिल्यांदाच त्या ताठ झाल्या, कमरेवर हात ठेवला आणि हर्षाकडे पाहिलं. "आमी बारा जणी इथून उठतो. उद्या सकाळी इथं बारा जण पायजेत, अर्ध्या दिवसासाठी. पोट्टे, पोट्ट्या, काई चालंन. पाण्यात उभे रायणारे पायजेत, धुऱ्यावरचे नाई."

"उद्या रविवार आहे," हर्षाच्या तोंडून निघालं.

"धानाले रविवार नसते."

"आणतो, बाई. बारा आणतो."

श्यामरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं केवळराम उधारीवाल्याकडे पाहतात. पण छत्री उघडून ते घराकडे निघाले, म्हणजे परवानगी.

शकुनबाईंनी नाल्यावरून येणारी ती रांग पाहिली आणि हातातली पेंडी खाली ठेवली. घरी जाऊन मोठा डबा भरून पाणी घेऊन आल्या. उरलेल्या सात विद्यार्थ्यांना निर्मलाबाईंनी बायांच्या मधे मधे पेरलं. हर्षाला दोन सगळ्यात चपळ बायांच्या मधे. प्रत्येकीची स्वतःपुरती एक पट्टी, तिला पात म्हणतात. हर्षाची पात मागे पडायची तेव्हा डावीकडच्या बाईचा हात येऊन चार रोपं लावून जायचा, मग उजवीकडचा. कुणी 'लवकर' म्हणालं नाही. कुणी 'छान' म्हणालं नाही. तिला आपण किती मागे आहोत हे कळायच्या आतच ती मागे नसायची. निर्मलाबाई टोकाला होत्या. अवघड पात टोकाची, कारण ओळ वाकडी झाली तर तिथूनच होते. सव्वासहाला पाचवी बांधी संपली.

साकोलीला परतल्यावर हर्षानं ग्रुपवर लिहिलं: उद्या सकाळी सहा, बसस्टँड, बारा जण हवेत, फोटो नाहीत, प्रमाणपत्र नाही. एकसष्ट जणांच्या ग्रुपवर अडतीस अंगठे आले, नऊ जोडलेले हात, आणि एक 'गर्व आहे ताई'. तिनं अडतिसांपैकी बारा नावं निवडून यादीच केली. कुणाला नाराज करायचं हा प्रश्न तिला खरोखर पडला होता.

सकाळी सहाला बसस्टँडवर रिता होती, डोळे अर्धे मिटलेले. सव्वासहाला प्रविण आला, आदल्या दिवशी दीडच्या बसनं गेलेला निरीक्षक.

"तू?" हर्षा म्हणाली.

"आईनं हाकललं. म्हणे, दुसऱ्याच्या बांधीत पेंड्या टाकून पळून येते काय रे तू? तुया आजोबाचा रोवणा लोकाइनंच केला होता."

पावणेसातपर्यंत वाट पाहिली. अश्विन परस्पर शेतावर येणार होता. एकूण चार.

श्यामराव धुऱ्यावर उभेच होते. त्यांनी चौघांना मोजलं. मग रस्त्याकडे पाहिलं. मग पुन्हा चौघांना मोजलं, जणू मोजण्यात चूक झाली असावी.

"बारा म्हणली होतीस."

"चार आहेत, भाऊ."

"बाकीचे आठ?"

हर्षाजवळ कारणं होती. ताप, पाहुणे, परीक्षेचा अर्ज, जळू. अडतीस अंगठ्यांचा पुरावा मोबाइलमध्ये होता. तिनं मोबाइल काढलाही. मग निर्मलाबाईंकडे पाहिलं आणि तो परत ठेवला.

"बाकीचे आठ मीच आहे. आजचा दिवस सोडून. उद्यापासून आठ दिवस सकाळी येतो, कॉलेजच्या आधी."

श्यामरावांनी विचार केला. "तवरी माया रोवणा सरून जाईन ना बाई!"

बाया हसायला लागल्या. रिता हसली. हर्षाच्या त्यागाला एवढं लवकर उत्तर मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मंग आमी जिथं राहू थिथं ये," निर्मलाबाई म्हणाल्या. "श्यामरावभाऊचा हिशोब आमी पाहू. आज आमी जास्त वेळ थांबतो. उतर आता, ऊन चढून राहिलं."

ते आठ दिवस हर्षा कधी शौर्याची गाथा म्हणून सांगत नाही. तसं सांगायला गेली तर रिता मधे तोंड घालते. पहिले तीन दिवस तिला जिना उतरताना भिंत धरावी लागली. केवळराम म्हणाले, "दुकानात दोन तास बस म्हटलं त हिचे पाय दुखते. आन आता पाहा." आईनं कपडे वेगळे धुवायला टाकले. इतिहासाच्या तासाला तिच्या दोन्ही बाजूंचे बाक रिकामे राहू लागले, कारण चिखलाचा वास साबणाला ऐकत नाही. चौथ्या दिवशी प्रविण पुन्हा आला, पाचव्या दिवशी नाही आला, सहाव्या दिवशी एका मित्राला घेऊन आला. हर्षानं कुणालाच मेसेज टाकला नव्हता. तिला विचारायला लाज वाटत होती. आपल्या नेतृत्वाचा सर्वांत यशस्वी आठवडा लाजेपोटी घडला, असं ती म्हणते.

आठव्या दिवशी बाया भय्याजीच्या बांधीवर होत्या. त्या दिवशी शकुनबाईही मजुरीला आल्या होत्या. त्यांचं स्वतःचं काम झालं होतं. हर्षा त्यांच्याशेजारी उभी राहिली. आठवडाभर एक प्रश्न तिच्या तोंडाशी येऊन परत जात होता. नवी लावलेली रोपं आधी पिवळी पडतात, मग सात-आठ दिवसांनी एकतर मूळ धरतात आणि हिरवी होतात, नाहीतर मरतात. हे तिला आता ठाऊक होतं. म्हणूनच विचारवत नव्हतं.

सकाळभर ती रोपं लावत राहिली. साडेनऊला न राहवून म्हणाली, "काकू... पऱ्हे धरले काय?"

"कोनते?"

"तुमचे."

शकुनबाईंनी हातातली तीन रोपं दाबली. पाऊल मागे घेतलं. "निर्मलाच्या बायाइनं लावले ते चवथ्या दिवशीच धरले."

"आणि आमचे?"

"तुमचे काल पावतर पिवळेच होते. मले वाटलं, गेली दीड बांधी." आणखी तीन रोपं. "आज पाह्यटे पाहून आलो. हिरवे होऊन राहिले. वाकडे हायेत बाई, सापावानी ओळ गेली हाय एकेक. जाणारे-येणारे हासते. पण धरले."

हर्षाच्या डोळ्यात पाणी आलं. ती घाम म्हणते. पुसायला हात वर नेला तर कपाळभर चिखल.

याच क्षणासाठी तिनं स्कूटीवर येताना एक नम्र वाक्य तयार करून ठेवलं होतं, निर्मलाबाईंनी कौतुक केलं तर म्हणायला. ती टोकाकडे वळून म्हणाली, "बाई, आज आठ दिवस झाले माझे."

"बरं," निर्मलाबाई म्हणाल्या.

"म्हणजे... पूर्ण झाले."

"बरं. ते पेंडी फेक इकडं."

हर्षानं पेंडी फेकली. पावणेदहा झाले होते, साडेदहाला तास होता, आणि भय्याजीच्या बांधीत अजून दहा-बारा पावलांची जागा उरली होती. शकुनबाईंची पात जरा मागे पडलेली तिला दिसली. तिनं हात लांब करून तिथं चार रोपं लावली, कुणी न सांगता, अगदी सहज, आणि आपल्याला कुणी पाहिलं का हे बघायला हळूच मान वर केली.

"माया पातीत काहून घुसली वो?" शकुनबाई म्हणाल्या. "तुयीच वाकडी हाय, ते पाय आदी."

"बोलणं सरलं असंल त हात चालवा," टोकावरून आवाज आला.

हर्षानं मान खाली घातली. इतिहासाच्या सरांनी त्या दिवशी तिची गैरहजेरी मांडली.